खुसपटरावांचं गप्प वर्ष

शर्टांच्या कारखान्यात सगळ्यात शेवटच्या टेबलावर जो माणूस बसतो त्याला चेकर म्हणतात. त्याच्या आधी कापणारे असतात, शिवणारे असतात, काजं-बटणं करणारे असतात, आणि ही सगळी मंडळी एरवी एकमेकांशी कितीही भांडली तरी या एका माणसाच्या नावाने बोटं मोडताना त्यांची एकी होते. कारण दुसऱ्याच्या घामावर लाल बाण चिकटवणं एवढंच त्याचं काम. बाण म्हणजे नखाएवढा चिकट कागद. त्याच्या रोलवरून एक एक सोलून घ्यायचा आणि शर्टात जिथे खोट असेल तिथे टोक करून चिकटवायचा. टाका सुटलाय, बाण. कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा अंमळ शहाणं आहे, बाण. शर्ट मागे जातो, दुरुस्त होतो, परत येतो. ज्याला बाण नाही तो पास.

एक तिसरा प्रकारही असतो. ज्या शर्टाचं आता काहीच होण्यासारखं नाही, त्यालाही बाण लावत नाहीत. बाणाचा अर्थ ‘इथे दुरुस्त करा’. जिथे दुरुस्तीच संपली तिथे चांगला बाण फुकट का घालवायचा? तो शर्ट मुकाट्याने टेबलामागच्या टोपल्यात जातो.

आमचे खुसपटराव या टेबलावर बसून म्हातारपणाच्या उंबरठ्यापर्यंत आले होते. खुसपटराव हे नाव कारखान्याने ठेवलेलं. बायकोने तेच नाव लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात स्वतंत्रपणे शोधून काढलं होतं, आणि पुढे एकदा कारखान्यातल्या कोणाच्या तोंडून ते ऐकल्यावर तिला सख्खी बहीण भेटल्यासारखा आनंद झाला होता.

माणूस कामावरून घरी येताना हात धुतो, पण डोळे धुण्याची सोय कुठे असते? खुसपटराव घरात शिरायचे ते दाराची बिजागरी कुरकुरते हे सांगतच. रोल संपत आला की त्याचं उरलेलं शेपूट त्यांच्या खिशातून घरी यायचं, आणि मग गळक्या नळाला बाण, डुगडुगत्या खुर्चीच्या पायाला बाण, करपलेल्या टोस्टला बाण. मुलगा लहान असताना एकदा गालावर बाण घेऊन शाळेत गेला. नीट तोंड धुतलं नव्हतं म्हणून. गुरुजींनी विचारलं तर म्हणाला, “बाबांनी परत पाठवलंय.”

बायकोला मात्र या सगळ्याचा हिशेब कळला होता. इतक्या वर्षांच्या संसारात खुसपटरावांनी ‘छान दिसतेस’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. पण नवा कपडा घातला की ती त्यांच्यासमोर उभी राहायची, एक गिरकी घ्यायची आणि म्हणायची, “बघा हो, कसा बसतो?” खुसपटराव खांद्यापासून सुरुवात करायचे. खांदा, बाही, कंबर, घेर. काही सापडलं तर पुढचा तासभर त्याचीच चर्चा. काही नाही सापडलं तर नुसतं “हं.” एवढ्या ‘हं’वर ती बाई अख्खा हिवाळा काढायची.

गेल्या वर्षाच्या अखेरीला सुनेने घोटाळा केला. म्हणजे बिचारीने प्रेमच केलं, पण या घरात त्याला घोटाळा म्हणतात. नवीन लग्न झालेलं, कारखाना वर्षअखेरीला आठवडाभर बंद, थंडीने खिडक्यांच्या काचा पांढऱ्या झालेल्या, मुलगा-सून आणि परगावी नोकरी करणारी लेक सुट्टीला आलेली. सुनेने सासऱ्यांसाठी स्वतःच्या हाताने स्वेटर विणून आणला. खुसपटरावांनी तो उलटा-सुलटा केला, दिव्याखाली धरला, आणि अगदी प्रेमाने, म्हणजे आपल्या परीने जितक्या प्रेमाने जमेल तितक्या प्रेमाने, गळ्याला दोन आणि डाव्या बाहीला एक असे बाण चिकटवून परत तिच्या हातात दिला.

सून स्वयंपाकघरात जाऊन रडली. लेक तिच्यामागे गेली आणि बाहेर आली तेव्हा लेकीच्या चेहऱ्यावर वाघीण होती.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी चहा घेऊन गोल बसायचं आणि एकेकाने नव्या वर्षाचा संकल्प मोठ्याने सांगायचा, असा घरचा शिरस्ता. उरलेल्यांनी वर्षभर त्यावर हसायचं, हा त्याचा दुसरा भाग.

“मी रोज पळणार,” मुलगा म्हणाला.

“का रे, कोण मागे लागलंय?” आईने विचारलं.

“मी नोकरी बदलणार,” लेक म्हणाली.

“ती तू दर वर्षी बदलतेस,” मुलगा म्हणाला. “या वर्षी एखादी टिकव, तो खरा संकल्प.”

सून म्हणाली, “मी आता विणणार नाही.” कोणी हसलं नाही.

मग बायकोने कपाटातला जुना निळा कोट आणला. लेकीच्या जन्माआधी घेतलेला, चांगल्या लोकरीचा, आणि आता बटण आणि काज यांची वर्षानुवर्षं गाठभेट न झालेला. तो मांडीवर घेऊन तिने जाहीर केलं, “मी वजन उतरवणार. पुढच्या हिवाळ्याच्या आत ह्या कोटात मावून दाखवते.”

“आणि बिस्किटांचा डबा कोणाच्या नावावर करणार?” मुलगा म्हणाला.

“गप रे. तुझ्या पळण्याच्या नावावर करते, म्हणजे हातसुद्धा लागायचा नाही.”

“बाबा, आता तुमचा,” लेक म्हणाली.

“माझ्यात काय सुधारायचंय?” खुसपटराव म्हणाले.

यावर जी शांतता पसरली तिला कारखान्यात शंभर बाण लागले असते.

“एक वर्ष,” लेक म्हणाली. “घरात कोणालाही, कशालाही टोकायचं नाही. एक शब्द नाही, एक बाण नाही. आहे हिंमत?”

“राहू दे गं,” बायको हसत म्हणाली. “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. यांना जमलं ना, तर मी मिशा ठेवीन.”

हे बोलायला नको होतं. खुसपटरावांना कोणी वाईट म्हटलेलं चालायचं, पण कच्चं म्हटलेलं चालत नसे. त्यांनी खिशातून बाणांचा रोल काढला आणि बायकोच्या तळहातावर ठेवला. “ठेव जपून. वर्षाने परत घेईन. तोवर मिशांना तेलपाणी सुरू कर.”

आणि सांगायला वाईट वाटतं, पण त्यांना जमलं.

पहिला महिना घराला सर्कस बघायला मिळाल्यासारखं झालं. मुलगा मुद्दाम बटणं वरखाली लावून यायचा आणि बापाच्या समोर मांडी घालून बसायचा. खुसपटरावांच्या मानेची शीर उडायची, पण तोंड उघडायचं नाही. नळ गळायचा आणि ते त्या टिपटिपीकडे पाठ करून पेपर वाचायचे. कारखान्यात मात्र त्यांनी हाहाकार माजवला. इकडचं सगळं तुंबलेलं तिकडे वाहू लागलं. शिवणाऱ्या बायका म्हणायच्या, “काका, घरी भांडून या हो, आम्हाला परवडेल.”

बायको आधी खूश होती. करपलेला टोस्ट पुढे ठेवून टकमक बघायची आणि खुसपटरावांनी तो निमूटपणे खाल्ला की तोंड पदराआड, म्हणजे हातातल्या फडक्याआड करून हसायची. पण हसण्यालाही समोरून काहीतरी यावं लागतं. वसंत लागायच्या सुमाराला ती म्हणू लागली, “अहो, काहीतरी बोला ना. घर कसं रिकामं भाड्याला लावल्यासारखं वाटतं.”

“माझं वर्ष चाललंय,” खुसपटराव म्हणायचे. त्या आवाजात जो माज होता, त्याला तोड नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्यांचं कौतुक करत होते. लेक फोनवर म्हणाली होती, “बाबा, मला तुमचा अभिमान वाटतो.” असा अभिमान म्हणजे म्हातारपणी लागलेली गोडी. माणूस त्यासाठी काहीही गिळतो.

वसंतातच एका रविवारी बायकोने निळा कोट घातला. बटण काजात गेलं. मुलगा-सून आली होती, दोघांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा म्हणाला, “आई, घरात संकल्प पाळणारी दोनच माणसं निघाली, आणि दोन्ही म्हातारी!” तिने गिरकी घेतली. खुसपटरावांनी पाहिलं. कोट बसला होता, हे खरं.

पण उन्हाळ्यात तिच्या घड्याळाचा पट्टा मनगटावरून कोपराकडे घसरायला लागला. जिन्याच्या मधल्या वळणावर ती थांबू लागली आणि थांबल्याचं लपवायला खिडकीतून बाहेर बघू लागली, जिथे शेजारच्या इमारतीच्या भिंतीखेरीज काही नव्हतं. बिस्किटांचा डबा मात्र पूर्वीच्याच वेगाने रिकामा होत होता. हे खुसपटरावांना ठाऊक होतं. तो भरून आणायचे तेच.

बाकीचे सगळे तिची पाठ थोपटत होते. शेजारीण म्हणाली, “काय हो, कुठला व्यायाम? मलाही सांगा.” लेकीने व्हिडिओ कॉलवर आईचे गाल बघून शिट्टी मारली. एकट्या खुसपटरावांना दिसत होतं की हे उतरणं नेहमीचं नव्हे. माणूस वजन उतरवतो तेव्हा आधी पोट जातं, घेर जातो. इथे घेर वसंतात होता तसाच होता आणि खांदे चालले होते. कपडा आतून कोणीतरी उसवत असावं तसं.

शरद ऋतूत पहिली थंडी पडली त्या सकाळी तिने पुन्हा निळा कोट चढवला आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. यावेळी हसत नव्हती. गिरकीही तिने सावकाश घेतली, खुर्चीच्या पाठीला धरून.

“बघा हो. कसा बसतो?”

खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. बाही बोटांपर्यंत आली होती. पाठीत एवढी पोकळी होती की तिथे दुसरं माणूस उभं राहिलं असतं. खुसपटरावांच्या जिभेच्या टोकावर शब्द आला. ‘अगं, हे बरोबर नाही. डॉक्टरकडे चल.’ एवढंच. अगदी ओठांपर्यंत आला. पण वर्ष सरत आलं होतं. शर्यत संपायला आली असताना घोड्याने शेवटच्या वळणावर खाली बसावं काय? शिवाय बिचारीचा एवढा एक संकल्प पुरा झालेला, त्यावर आपण पुन्हा बाण चिकटवायचा? वर्ष संपलं की बोलू. सगळंच एकदम बोलू.

“हं,” ते म्हणाले.

तिचा चेहरा सैल झाला. “चला,” ती म्हणाली, “म्हणजे ठीक आहे.” आणि पिशवी घेऊन बाजारात गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती त्याच बाजारात, ब्रेडच्या दुकानासमोरच्या रांगेत कोसळली. दुकानदाराने बसायला उलटा क्रेट दिला आणि मुलाला फोन केला. मग तपासण्या, मग आणखी तपासण्या, मग तो छोट्या खोलीतला डॉक्टर जो कागदाकडे बघून बोलतो. “हे बरेच महिने चालू असणार,” डॉक्टर म्हणाला. “वजन उतरलेलं कोणाच्या लक्षात नाही आलं?”

“आलं ना,” मुलगा म्हणाला. “आम्ही टाळ्या वाजवल्या.” आणि तो तिथेच दोन्ही हातांत तोंड लपवून बसला.

“थोडं आधी आला असता तर—” डॉक्टरने वाक्य अर्धवट सोडलं. अशी वाक्यं अर्धवट सोडायला त्यांना शिकवत असावेत.

खुसपटराव काही बोलले नाहीत. त्यांचं वर्ष अजून चालू होतं. आणि आता ते संपू नये असं त्यांना वाटत होतं, कारण बोलायला तोंड उघडलं तर पहिल्यांदा काय बाहेर पडेल ते त्यांना माहीत होतं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. म्हणीत कोणी मरायचं ते सांगितलेलं नसतं.

हिवाळ्याची सुट्टी आली. काचा पुन्हा पांढऱ्या झाल्या. बायकोची खाट पुढच्या खोलीत हीटरजवळ आणली होती. उपचार थांबले होते. थांबवले नव्हते, तर त्यांना जायला पुढे रस्ता नव्हता. लेक नोकरीवरून रजा घेऊन आली. सून रोज यायची, सूप करायची, आणि सूप खारट झालं तरी खुसपटराव वाटी चाटूनपुसून परत द्यायचे. घरात सगळं चुकत होतं. उशी वाकडी, औषधाच्या बाटलीचं झाकण उघडं, नळाची टिपटिप. कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं, आणि ज्याला वाटायचं तो खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसला होता.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी चहा झाला. गोल बसावं की नाही ते कोणाला कळेना.

“का रे, यंदा कोणाला काही सुधारायचं नाही?” खाटेवरून आवाज आला. “तू पळालास का रोज?”

“नाही पळालो, आई.”

“मला माहीत होतं. आणि तू गं? नोकरी?”

“तीच आहे अजून,” लेक म्हणाली.

“अरे वा. म्हणजे अगदीच वाया नाही गेलं वर्ष.” ती थोडा वेळ श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही सगळे जरा आत जा. मला यांच्याशी भांडायचंय. लाज वाटते तुमच्यासमोर.”

मुलं आत गेली. स्वयंपाकघराचं दार कुरकुरलं.

“ऐकलंत?” ती म्हणाली. “बिजागरी.”

खुसपटराव जमिनीकडे बघत होते.

“उघडा ना तोंड. आज संपलं की वर्ष.”

“अगं,” खुसपटराव म्हणाले, आणि आवाज न वापरलेल्या दारासारखा निघाला. “मला दिसलं होतं.”

“ठाऊक आहे.”

“उन्हाळ्यातच दिसलं होतं. घड्याळाचा पट्टा. मग तो कोट—”

“ठाऊक आहे म्हटलं ना. तुम्हाला दिसणार नाही असं होईल का? मलाही दिसत होतं. मी बिस्किटं खात होते आणि हाडं वर येत होती, मी काय खुळी आहे?” ती छताकडे बघत सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तसं. “मी घाबरले होते हो. पण म्हटलं, काही असतं तर हे टोकल्याशिवाय राहिले नसते. संकल्प गेला चुलीत. ह्यांच्या हातून खोटा माल पास होत नाही. म्हणून त्या दिवशी मुद्दाम कोट घालून समोर उभी राहिले. तुम्ही ‘हं’ म्हणालात. मी म्हटलं, सुटले.”

हीटरची तार लाल होती. खुसपटरावांना वाटलं होतं की ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा माफ करेल. यातलं काहीच तिने केलं नाही. माफ करण्याची तर तिने गोष्टच काढली नाही.

“आता मी माझा संकल्प सांगते,” ती म्हणाली. “आहे तेवढे दिवस मला घरात आवाज पाहिजे. हे गोड म्हातारं मला नको. याच्याशी मी लग्न केलं नव्हतं. उशीखाली बघा.”

उशीखाली रोल होता. वर्षभर वापर नसल्याने वरचा बाण थोडा पिवळट पडलेला.

खुसपटरावांनी तो हातात घेतला. मग उशीकडे पाहिलं. “ही उशी,” ते म्हणाले, “ही अशी ठेवतात? मानेखाली पोकळी राहिलीय.” आणि उशी सरळ केली. “हे झाकण कोणी उघडं टाकलं? आणि सुनेला सांग, सुपात मीठ—” त्यांचा आवाज फाटत होता, पण थांबत नव्हता. खुर्चीचा पाय, पडद्याची दोरी, काचेवरचे डाग, बिजागरी. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला. तिघंही दाराला कान लावून उभी असावीत. बायको डोळे मिटून ऐकत होती.

ते दमून थांबले तेव्हा तिने डोळे उघडले.

“आणि मला?”

“तुला काय?”

“मला नाही लावायचा?”

खुसपटरावांनी रोलवरून एक बाण सोलला. तो बोटाच्या टोकावर घेऊन ते बसून राहिले. बाण कशाला लावतात हे जगात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या खालोखाल तिला. मागच्या टोपल्याची गोष्ट त्यांनीच तिला जेवताना कितीदा ऐकवली होती. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही बाण खोटा लावला नव्हता.

त्यांनी तिचा हात उचलला. घड्याळ आता मनगटावर राहतच नव्हतं, म्हणून काढून ठेवलं होतं. पट्ट्याच्या जागी कातडीवर अजून एक फिकट रेघ होती. तिच्यावर त्यांनी बाण लावला.

तिने हात चेहऱ्याजवळ नेला आणि नीट निरखून पाहिलं.

“वाकडा लागलाय,” ती म्हणाली.

खुसपटरावांनी वाकून बघितलं. लागला होता खरा. त्यांनी नखाने तो हलकेच सोडवला आणि सरळ केला. एकदा काढून पुन्हा लावलेला बाण नीट चिकटत नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते त्यावर अंगठा दाबून धरून बसले.